आमची एकट्याची भाषा

माणसाला एखादे तरी निरुपद्रवी वेड असावे, असे आमचे मत आहे. कोणी तिकिटे जमवितो, कोणी गुलाबाची कलमे करतो. आम्ही भाषा तयार करतो. घरी कोंकणी आणि वर्गात मराठी असताना ही तिसरी कशाला, असे घरची मंडळी विचारतात. तरीही उत्तरपत्रिका तपासून झाल्या की आम्ही आमची जुनी वही उघडतो आणि जगात कोणीही न बोलणाऱ्या भाषेची रूपे चालवू लागतो.

झामेनहोफ यांनी १८८७ साली ‘एस्पेरांतो’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्या व्याकरणाचे नियम अवघे सोळा, आणि प्रत्येक नामाच्या शेवटी ‘ओ’! आमची पहिली भाषाही अशीच सरळसोट होती. परंतु ती भाषा वाटेना, बीजगणित वाटे. पुढे टोल्किन या इंग्रज प्राध्यापकांची रीत वाचनात आली. त्यांनी आधी एक प्राचीन भाषा कल्पिली आणि तिचे उच्चार ठरावीक नियमांनी बदलत नेऊन ‘क्वेन्या’ व ‘सिंदारिन’ या दोन बहिणी घडविल्या.

आम्हीही तसेच केले. होडीला ‘तामुक’ हा मूळ शब्द धरला. डोंगरातल्या लोकांनी ‘म’चा ‘व’ केला, शेवटचा ‘क’ गाळला, झाले ‘तावू’. किनाऱ्यावर ‘क’ गळाला, ‘उ’चा ‘ओ’ झाला; उरले ‘तामो’. यांत शुद्ध कोणते? दोन्ही! प्रत्येक रूप आपापल्या नियमाने आलेले.

तोच आम्हांस त्या दिवशीची एक वही आठवली. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘आमचो घोडो’ असे लिहिले होते, आणि आम्ही तांबड्या शाईने ‘अशुद्ध’ असा शेरा मारला होता. प्राकृतातील ‘घोडओ’पासून मराठीत ‘घोडा’ झाला, कोंकणीत ‘घोडो’. आमची आईही ‘घोडो’च म्हणते. कल्पनेतल्या कोळ्यांना दिलेला न्याय आम्ही मातृभाषेला नाकारला होता!

दुसऱ्या दिवशी तो शेरा खोडून आम्ही लिहिले, ‘हे कोंकणी रूप, मराठीत घोडा.’ विद्यार्थ्याने ते दोनदा वाचले आणि हळूच विचारले, “म्हणजे माझी आजी चुकीचे बोलत नाही, सर?”

आमच्या वहीत आज सहाशेंवर शब्द आहेत. पण त्या एका प्रश्नाने आम्हांस जे शिकविले, ते त्यांतल्या एकाही शब्दात मावत नाही.