काळोखांतील ताल

जूनच्या प्रारंभीं आम्ही अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, ग्रेट स्मोकी पर्वतांच्या राष्ट्रीय उद्यानांत, एल्कमाँट येथें काजवे पाहण्यास गेलों होतों. त्या आठवड्यांत सोडत काढून मोजक्याच वाहनांस परवाना देतात. आमचें नांव निघालें हें सुदैवच. विजेऱ्यांवर तांबडा कागद गुंडाळून आम्ही झाडींत जाऊन बसलों.

अंधार दाट झाला. एक काजवा चमकला, मग दुसरा. आणि थोड्याच वेळांत सारें रान एका तालावर पांच-सात वेळां लकाकलें! नंतर सात-आठ सेकंद मिट्ट काळोख. पुन्हां तोच क्रम. हे उडणारे सर्व नर. मादी जमिनीलगत बसून त्या काळोखांतच मंद उत्तर देते.

हा ताल धरतो कोण? १६९० सालीं सयामांत गेलेल्या केंफर यानें असे काजवे वर्णिले होते; पण १९१७ सालीं एका लेखकानें हा पाहणाराच्या पापण्यांचा खेळ ठरविला! एल्कमाँटच्या कौटुंबिक कुटींतून वर्षानुवर्षें हा देखावा पाहणाऱ्या लिन फॉस्ट बाईंनीं शास्त्रज्ञांस पत्र लिहिलें, तेव्हां १९९० नंतर येथें अभ्यास सुरू झाला. पुढें सार्फाती व पेलेग प्रभृतींनीं तंबूंत काजवे ठेवून पाहिले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, एकट्या काजव्याच्या चमकण्याच्या पाळ्यांत नियमित अंतर नसतें. पंधरा-वीस एकत्र आले म्हणजे ताल आपोआप उमटतो. पुढारी कोणी नाहीं. शेजाऱ्याची चमक पाहून ज्यानें त्यानें आपली जुळवावयाची.

हें आम्ही हलक्या आवाजांत बोलत होतों, तोंच आमच्यांतील एकानें छायाचित्रासाठीं मोबाइलचा दिवा लावला. समोरचे काजवे गप्प झाले. शेजारच्या वृद्धेनें कांहीं न बोलतां हातानें दिवा झांकण्याची खूण केली. आम्ही ओशाळलों. ज्याला पाहण्यास सातासमुद्रांपलीकडे आलों, तेंच आम्हीं विझविलें होतें. दिवा मालवून आम्ही निमूट बसलों. कांहीं वेळानें दूरचा ताल हळूहळू आमच्यापर्यंत परत आला.

आमच्याकडे भंडारदऱ्याच्या परिसरांतही पावसाच्या तोंडावर झाडें काजव्यांनीं लगडतात, आणि पाहणारांच्या मोटारींची रीघ लागते. नराची खूण मादीस दिसली नाहीं, तर पुढल्या पिढीचा काजवा यावयाचा कोठून? यंदा मुलाबाळांस घेऊन तिकडे जाल, तेव्हां गाडी दूर उभी करा, दिवे मालवा, आणि काळोखांत घटकाभर स्वस्थ बसा.