‘आई, तू बस, मी करते!’



आठवीच्या तासाला एका मुलाने विचारलं, "बाई, जिमला गेलं की दंडात नवीन स्नायू येतात का?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. त्याचं अर्धं उत्तर मला पुस्तकातून मिळालं होतं, उरलेलं अर्धं माझ्या आईने शिकवलं.

आधी पुस्तकातलं सांगते. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. मोठेपणी तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, असलेले तंतूच जाड होतात. स्नायूवर ताण पडला की त्यात प्रथिने तयार होण्याचा वेग वाढतो. तंतूंना चिकटून काही राखीव पेशी असतात, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी त्यांचं वर्णन केलं. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होऊन दुरुस्तीला लागतात. पण शरीरात बांधणी आणि मोडतोड दोन्ही रोज चालू असतात. काम थांबलं की मोडतोड वरचढ ठरते.

"मग स्नायू वाढवायची गोळी नाही का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच! स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन आपल्या शरीरात असतं. १९९७ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं त्याचं जनुक बंद केलं, तेव्हा त्यांचे स्नायू दुपटी-तिपटीने वाढले. त्यावरून औषधं बनवली गेली. पण ड्युशेन या आनुवंशिक स्नायुविकाराच्या मुलांवर केलेल्या चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही. वयानुसार होणाऱ्या झिजेवर तर आजही खास मान्यता मिळालेलं औषध नाही.

आता घरातलं. दोन वर्षांपूर्वी आई ओट्याजवळ घसरून पडली. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. पण आम्ही सगळे घाबरलो. "आई, तू बस, मी करते" हे आमचं पालुपद झालं. चहा हातात, ताट हातात, कपड्यांच्या घड्यासुद्धा आम्हीच घालायचो. तीन महिन्यांनी दुखणं गेलं, पण आईला खुर्चीतून आधाराशिवाय उठता येईना. मी म्हणत राहिले, "वय झालं." फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला शांतपणे विचारलं, "या तीन महिन्यांत त्या दिवसातून किती वेळा उठल्या?" मला उत्तर देता आलं नाही. वर्गात 'वापर थांबला की स्नायू झिजतात' असं शिकवणारी मीच घरी आईचा वापर थांबवून बसले होते!

नंतर वाचलं तेव्हा जास्तच टोचलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू कमी झाले. पण धीर देणारं संशोधनही आहे. १९९० साली डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतसुद्धा!

आईचा 'व्यायाम' साधाच होता. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. आधी मी धरून दोनदा, मग पाचदा, मग दहादा. जेवणात नुसता वरणभात न ठेवता उसळ, दही, दूध, अंडं. पहिल्या आठवड्यात ती माझ्यावर चिडली, "तुझी शाळा घरी नको!" आज ती स्वतःचा चहा स्वतः करते आणि माझाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. सगळीच स्नायुझीज अशी भरून येत नाही. ड्युशेनसारख्या आजारात जास्त ताणाचा व्यायाम अपायही करू शकतो. मूल वारंवार पडत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. वृद्धांनाही विचारूनच सुरुवात करून द्या.

मी मुलांना गृहपाठ दिला: घरी आजी-आजोबा खुर्चीतून कसे उठतात ते बघा, पण लगेच हात देऊ नका, नुसते जवळ उभे राहा. पालकहो, तुम्हीही करून बघा. जवळ उभं राहणं हात देण्यापेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगते.