एक गोड चूक

गेल्या दिवाळींत धुळ्यास आमच्या धाकट्या बंधूंचे घरीं सारें कुटुंब जमलें होतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांनीं प्रश्नोत्तरांचा खेळ मांडिला. सुगरणीच्या खोप्याचें गीत कोणाचें, असा प्रश्न निघाला. बहिणाबाई चौधरींचें, हें सर्वांसच ठाऊक होतें. आम्हीं मात्र गुरुजीपणाच्या जुन्या खोडीनें पुढें सांगितलें कीं, आपलें छापलेलें पुस्तक हातीं येतांच त्या निरक्षर माउलीनें अक्षरांवरून बोट फिरविलें व डोळे पुसले.

"तें कसें, आजोबा?" नातीनें विचारिलें. "त्या ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारल्या आणि 'बहिणाबाईंचीं गाणीं' निघालीं १९५२ सालीं!"

कपाटांतून पुस्तक काढून पाहिलें. नातीचेंच खरें होतें.

जळगांवीं शाळेंत तीस वर्षें आम्ही ही गोष्ट सांगत आलों. ती ऐकावयास गोड वाटे, एवढाच तिचा आधार! वास्तविक खरी हकीकत अधिक हृद्य आहे. असोद्यास १८८० सालीं जन्मलेली ही शेतकरीण काम करतां करतां गाणीं रचीत असे. घरचीं माणसें तीं टिपून ठेवीत. ती गेल्यावर पुत्र सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्र्यांस दाखविलें, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालें.

प्रिय असलें तरी असत्य बोलूं नये, ही मनूची आज्ञा आम्हींच मुलांस शिकविली. आतां जुने विद्यार्थी भेटतील त्यांस प्रथम ही चूक सांगूं. जें सुख त्या माउलीस लाभलेंच नाहीं, तें आपल्या समाधानासाठीं तिच्या पदरांत कां घालावें?