झाकलेलं काम

बहिणीचा मुलगा आणि त्याची बायको जूनमध्ये घरी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत सात माहितीपत्रकं होती. मोशी, वाघोली, उंड्री, आंबेगाव, पुण्याच्या चारी दिशा त्या पिशवीत होत्या. दोघांचं पहिलंच घर. लग्नाला तीन वर्षं झालेली, कर्ज किती मिळेल याची बँकेत चौकशी झालेली. चहा घेता घेता भाचा म्हणाला, "मावशी, तू इतकी वर्षं साइटवर काढलीस. यातला भरवशाचा बिल्डर कोणता, तेवढं सांग."

कऱ्हाडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी १९९६ साली बाहेर पडले, तेव्हापासून हा प्रश्न कोणी ना कोणी विचारत आलंय. नाव सांगून उत्तर देणं मात्र मी फार पूर्वीच सोडलं. एकाच बिल्डरची एक इमारत खणखणीत निघते आणि चार वर्षांनी त्याच नावाची दुसरी इमारत पहिल्या पावसात पाझरते. तिथला कंत्राटदार वेगळा असतो, साइट इंजिनिअर नवखा असतो, त्या वर्षी पैशाची ओढाताण असते. फलकावरचं नाव तेवढं तेच राहतं.

"सॅम्पल फ्लॅट पाहिलात?" मी विचारलं.

सगळे पाहिले होते. सूनबाईने फोनवर फोटो दाखवले. फरशी, नळ, ओटा, खिडक्यांच्या काचा. ते सगळं छानच होतं. मी तिला म्हटलं, "अगं, या फोटोंत जे जे दिसतंय, ते तुला पुढेमागे बदलता येईल. फरशी उखडून दुसरी घालता येते, नळ तर एका दुपारी बदलतात. जे बदलता येणार नाही, ते यातल्या एकाही फोटोत नाही." मग मी त्यांना एकच काम दिलं. या सातांपैकी ज्यांच्या पाच-सात वर्षांपूर्वीच्या इमारती उभ्या आहेत, त्या शोधा. ऑगस्टमध्ये झड लागली की त्या पाहायला जाऊ.

घर घेणारे लोक दसऱ्याच्या आसपास, कोरड्या हवेत घरं पाहत फिरतात. इमारत पाहायची तर पावसात पाहावी. चार दिवस संततधार लागली, की इमारतीने आतापर्यंत जे झाकून ठेवलं ते बाहेर येतं. आम्ही तीन जुन्या इमारती पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी आधी पार्किंगमध्ये गेलो आणि मान वर करून स्लॅबची खालची बाजू पाहिली. तिथे गिलाव्याचा थर पातळ असतो, कुठे कुठे नसतोच, म्हणून ती जागा खोटं बोलत नाही. न्हाणीघरांच्या खाली पांढरे ओघळ दिसले, तर वरच्या सखल स्लॅबमध्ये पाणी मुरतंय. सरळ रेषेत तपकिरी डाग उतरला असेल, तर आतली सळई गंजायला लागली आहे. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीच्या काँक्रीटला आतून ढकलते. त्याचे पोपडे पडतात, ते खूप नंतर. मग गच्ची. टाकीच्या बुडाशी आणि पॅरापेटच्या कडेला, जिथे कोबा भिंतीला भेटतो, तिथे बोट फिरवून भेग लागते का ते बघायचं. जिन्यात, जिथे बीम आणि विटांची भिंत मिळते त्या रेषेत गिलावा तडकला असेल, तर जोडावर जाळी मारायचा कंटाळा केलेला असतो.

खरं सांगायचं तर हे डाग दाखवायला मी त्यांना नेलं नव्हतं. गळत नाही अशी इमारत मी क्वचितच पाहिली आहे. पहिल्या-दुसऱ्या पावसात कुठे ना कुठे पाणी येतंच. मला त्यांना तिथल्या माणसांशी बोलायला लावायचं होतं. दुसऱ्या इमारतीत जिन्यात एक काका भेटले, सोसायटीचे माजी सचिव. भाच्याने त्यांना मी शिकवलेला प्रश्न विचारला: "गळलं तेव्हा कोण आलं?"

काकांनी लांब श्वास घेतला आणि रजिस्टर्ड पोस्टाच्या पावत्यांची हकिगत सांगितली. बिल्डरचं ऑफिस हललं होतं, फोन उचलणारी मुलगी दर वेळी नवीन होती. तिसऱ्या इमारतीत हाच प्रश्न एका आजींना विचारला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बेडरूमच्या भिंतीला ओल आली होती. तो सुपरवायझर तीनदा आला. दोनदा काम फसलं त्याचं. तिसऱ्यांदा बाहेरून परांची बांधून स्वतः उतरला, तेव्हा थांबलं." दोनदा फसून तिसऱ्यांदा येणाऱ्या माणसाला मी कागदावर आधी खूण केली.

त्या दिवशी परतताना गाडीत मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती मी फारशी कोणाला सांगत नाही.

१९९८ साली मी एका चार मजली इमारतीवर ज्युनिअर इंजिनिअर होते. तिसऱ्या स्लॅबचा दिवस. स्लॅब पडला की बिल्डरला घरं घेणाऱ्यांकडून पुढचा हप्ता मागता यायचा, म्हणून सकाळपासून घाई. घराच्या पुढच्या अंगाला गॅलऱ्या होत्या, भिंतीतून चार फूट बाहेर आलेल्या, पुढे खांब नसलेल्या. नेहमीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या अंगाला असते, कारण मध्ये वाकताना तो खालून ताणला जातो. अशा गॅलरीचं उलट असतं. ती झुकते तेव्हा वरून ताणली जाते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. ती वर राहावी म्हणून खाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवतात. खुर्च्या कमी पडल्या, किंवा घमेली घेऊन जाणारी माणसं त्या सळ्यांवरून चालली, की त्या दोन-अडीच इंच खाली बसतात. काँक्रीट पडल्यावर वरून काहीच कळत नाही. गॅलरी तितकीच जाड, तितकीच सपाट दिसते. फक्त तिला धरून ठेवणारी गोष्ट चुकीच्या जागी गेलेली असते.

त्या दिवशी खुर्च्या कमी होत्या. मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, खडी लावतो खाली, मिक्सर चालू झालाय." तेवीस-चोवीस वर्षांची होते. माल थांबवायला हवा होता, थांबवला नाही. माणसं चालली. संध्याकाळी नोंदवहीत सळई तपासल्याची सही माझी आहे.

आठ वर्षांनी त्या इमारतीसमोरून जाताना एका गॅलरीखाली लोखंडी टेकू लावलेला दिसला. भिंतीलगत, वरच्या अंगाला, लांबीभर चीर. कोणाला इजा झाली नव्हती. मी सचिवांना गाठलं, मी कोण आणि काय झालं होतं ते सांगितलं, आणि दुरुस्तीचं काम सुट्टीच्या दिवसांत उभं राहून करून घेतलं. गिलावा फोडला तेव्हा सळई जिथे दिसायची भीती होती तिथेच दिसली. बिल्डरला सोसायटीने पत्रं पाठवली होती. तो आला नाही. मिस्त्री मात्र आले. केस पिकलेले, गुडघे दुखत होते. काही न बोलता हातोडा घेऊन बसले.

तेव्हापासून बिल्डरची पारख मी झाकल्या जाणाऱ्या कामावरून करते. सळईवर काँक्रीट येतं, पाइपांवर गिलावा येतो, वॉटरप्रूफिंगवर फरशी येते. त्या आधीच्या काही तासांत तो काय करतो, आणि ते आपल्याला पाहू देतो की नाही, एवढ्यावर बरंच काही ठरतं.

पाहायचं ते काही गूढ नाही. स्लॅबच्या सळईखाली किमान २० मिलिमीटर आणि खांबाच्या सळईभोवती ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं, म्हणून तिथे कव्हर ब्लॉक बांधलेले दिसले पाहिजेत, विटेचे तुकडे नाहीत. खांबाच्या रिंगांची टोकं आत गाभ्याकडे वळवलेली हवीत, नुसती काटकोनात दुमडून सोडलेली नकोत. भूकंपात अशा रिंगा उघडतात, आणि कोयना आणि किल्लारीनंतर महाराष्ट्रात हे वेगळं सांगायची गरज पडू नये. माल घेऊन ट्रक आला आणि गवंडी "जरा पाणी मारा, सरकत नाही" म्हणाला, तर त्याला अडवणारं कोणी तिथे आहे का, ते बघा. वरून ओतलेलं पाणी माल मऊ करतं आणि त्याची ताकद खाऊन टाकतं. त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, ७ आणि २८ दिवसांनी फोडून पाहतात. त्याचे अहवाल मागा. चांगला बिल्डर ते फाइलमधून काढून समोर ठेवतो.

आणि पाणी. आजकाल बहुतेक ठिकाणी राख मिसळलेलं सिमेंट असतं, त्याला निदान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. स्लॅबवर आळी करून पाणी भरतात, खांबांना गोणपाट गुंडाळून भिजवतात. हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि तेच सर्वांत आधी चुकवलं जातं, कारण त्याने मजला वर चढत नाही, हप्ता मिळत नाही. साइट रविवारी दुपारी बघा. कोणी नसतं तेव्हा गोणपाट ओलं आहे का, एवढं बोटाने चाचपलं तरी पुष्कळ कळतं. न्हाणीघरात फरशीआधी पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवलंय का, आणि खालच्या छताला ओल आली का, हेही विचारावं.

कागदांचंही असंच असतं. जमिनीचा सातबारा, फेरफार आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल या गोष्टी पायासारख्या असतात; वर इमारत झाल्यावर खाली कोणी बघत नाही. १ मे २०१७ पासून राज्यात महारेरा आहे. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशा, बांधकामाची परवानगी, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे आणि काम पूर्ण करायची तारीख दिसते. तारीख किती वेळा वाढवून घेतली, ते मी आधी बघते. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्चायचे असतात, आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. आमच्या सातांपैकी एकाने पंचवीस टक्के मागितले होते, "करार नंतर निवांत करू" म्हणून. ते पत्रक मी सरळ परत दिलं.

ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, असा कायदा आहे. तो फार मोलाचा आहे. पण पावत्या जपणारे ते काकाही याच कायद्याखाली राहतात. कायदा दोषाची भरपाई मिळवून देईल. परांचीवरून उतरणारा माणूस त्याला देता येत नाही. एका गोष्टीत मात्र मी तडजोड करत नाही. भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायची अधिकृत परवानगी, हातात आल्याशिवाय सामान हलवायचं नाही. "आठ दिवसांत येतंय" या वाक्यावर राहायला गेलेली आणि टँकर मोजत बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

भाच्याने शेवटी आजींच्या इमारतीवाल्याकडेच घर घेतलं, सहाव्या मजल्यावर. स्विमिंग पूल नाही, दारात कारंजं नाही. दर चौरस फुटाला थोडा जास्त आहे आणि त्याचं कारण विचारल्यावर त्या सुपरवायझरने आम्हाला सळईच्या गठ्ठ्यावरची कारखान्याची पट्टी दाखवली. सूनबाई आता दर रविवारी साइटवर जाते आणि फोटो पाठवते. फोटोंचा विषय बदलला आहे.

गेल्या महिन्यात शनिवारी रात्री तिचा फोटो आला. सहाव्या मजल्याच्या गॅलरीची बांधलेली सळई, वरून घेतलेली. खाली लिहिलं होतं, "मावशी, खुर्च्या पुरेशा आहेत?" मी फोटो मोठा करून एकेक मोजली. मग फोन करून विचारलं, माल किती वाजता टाकणार आहेत?

पहाटे साडेपाचला परवानगी घेऊन हेल्मेट घालून मी वर गेले. तिथली साइट इंजिनिअर एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. सळ्यांवर तिने लाकडी फळ्या टाकून वाट केली होती. पंपाचा पाइप ओढत पहिला माणूस गॅलरीकडे वळला, तेव्हा ती भिंतीपाशी आडवी उभी राहिली आणि मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "दादा, फळीवरून. फळीवरूनच."