मांडवीच्या ओहोटीत

रायबंदरच्या धक्क्यावरून पलीकडे पाहिले की चोडण बेटाची हिरवी कड दिसते. त्याच्या पश्चिम टोकास, अवघ्या १.७८ चौरस किलोमीटरच्या खारफुटीत, १९८८ साली डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी-अभयारण्य झाले. बेळगावहून गोव्यास जाण्याची आमची वहिवाट जुनी. पण हे बेट पाहावयाचे राहूनच गेले होते. गेल्या माघात तो योग आला. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेल्या मावशी होत्या.

बगळे, खंड्या, चिखलात वर डोकावणारी तिवरांची मुळे हे सारे डोळे भरून पाहिले. परततांना नदीच्या मध्यावर होडीचे इंजिन एकाएकी बंद पडले. सूर्य कलला होता, ओहोटी लागली होती, आणि होडी पणजीच्या पुलांकडे, म्हणजे समुद्राच्याच वाटेने, सरकू लागली. मावशींनी रामरक्षा सुरू केली. नावाड्याने आधी नांगर टाकला, तो रुतल्याची खात्री केली आणि मगच इंजिनाचे टोपण उघडले.

दोरी ओढली की चक्र फिरे, पण इंजिन धरीना. इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा घट्ट होता. प्लग काढला, तो पेट्रोलने ओला. म्हणजे इंधन पोचत होते. ठिणगी मात्र नव्हती. वाफ पेटू नये म्हणून त्याने प्लगच्या भोकात ओले फडके दाबले, नवा प्लग वायरच्या टोपीत बसवून इंजिनाच्या धातूस टेकविला आणि पुन्हा दोरी ओढली. काहीच नाही.

"कुठे तरी तार तुटली असेल," आम्ही शहाणपण पाजळले.

"तुटली नाही, भलतीकडे जुळली असेल," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे असे : या लहान इंजिनास बॅटरी नाही, फिरत्या चक्रातील लोहचुंबकानेच वीज उपजते. बंद करण्याचे बटण दाबले की ती वीज प्लगकडे न जाता इंजिनाच्या अंगात उतरते. खाऱ्या पाण्याने त्या बटणाची तार चिघळली, तर कोणी हात न लावताही बटण दाबल्यासारखेच होते. घरच्या दिव्याचा हिशेब येथे नेमका उलटा! त्याने ती एक तार जोडातून सोडविली, दोरी ओढली, आणि प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी चमकली. इतकी लहान गोष्ट पाहून इतका आनंद आम्हांस क्वचितच झाला असेल.

निघण्यापूर्वी त्याने सर्वांस खाली बसविले. तार सुटल्यामुळे त्याच्या मनगटाची तांबडी दोरीही आता निकामी होती; तो पाण्यात पडला असता तरी इंजिन थांबले नसते.

धक्क्याशी येताच सवयीने त्याने बटण दाबले. इंजिन आपले चालूच.

"मघाशी चालेना, आता थांबेना!" मावशी म्हणाल्या.

त्याने हसत इंधनाची नळी उपसली. उरलेले पेट्रोल जळेपर्यंत आम्ही सारे होडीतच बसून राहिलो.