पाच डॉलरची वर्गणी

१९९९ साली मॅट हॉवी यांनी सुरू केलेल्या ‘मेटाफिल्टर’ या चर्चेच्या संकेतस्थळावर गर्दी इतकी वाढली, की नवी नोंदणी बराच काळ बंद ठेवावी लागली. नोव्हेंबर २००४ मध्ये ती खुली झाली, ५ डॉलर घेऊन, तेही एकदाच. वाचणं मात्र सगळ्यांना फुकट.

रक्कम किरकोळ, परिणाम मोठा. जाहिरातबाजीसाठी दहा खोटी खाती उघडणाऱ्याला दहादा पैसे मोजावे लागतात!

वर्गणी भरलेला माणूस ती जागा आपली मानतो. पुढे गूगलवरून येणारे वाचक आटले, जाहिरातींचं उत्पन्न घसरलं आणि २०१४ मध्ये कर्मचारी कमी करावे लागले. तेव्हा सदस्यांनीच देणग्या देऊन हात दिला. ज्यांच्याकडे डॉलरमध्ये पैसे भरायची सोय नाही ते मात्र बाहेर राहू शकतात, ही खंत खरीच. म्हणून वर्गणी घ्यायचीच तर अल्प घ्यावी, आणि वाचन खुलं ठेवावं.