भाडेपावतीवरचं नाव

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे आणि आमची एक एक्सेल शीट आहे. दर नोव्हेंबरला ती नव्याने सुरू होते. डावीकडे सिनेमांची नावं, वर पुरस्कारांची: कान, व्हेनिस, गोल्डन ग्लोब, बाफ्टा आणि शेवटी ऑस्कर. कोणी काय पाहिलं, किती तारे दिले, कोण जिंकेल असं वाटतं, सगळं वेगवेगळ्या रंगांत. शीट मी सांभाळते, कारण फॉर्म्युल्यांचा कंटाळा न येणारी मी एकटीच. प्रत्येकाने शंभर रुपये काढायचे. ज्याचे अंदाज सगळ्यांत जास्त बरोबर येतील त्याने ते पाचशे घ्यायचे आणि वर स्वतःची भर घालून सगळ्यांना दादरला ‘आस्वाद’मध्ये मिसळ खिलवायची. त्या मिसळीलाही २०१५ साली जगातली सर्वोत्तम शाकाहारी डिश म्हणून परदेशातला पुरस्कार मिळाला होता. आई म्हणते, मिसळ तीच आहे, रांग वाढली.

या शीटमुळे माझं सिनेमा पाहणं बदललं. माझं ऑफिस ऐरोलीला. करी रोडहून ठाणे, तिथून दुसरी गाडी. लेडीज डब्यात जागा मिळाली की मोबाईलवर सिनेमा सुरू. एक सिनेमा तीन दिवसांत, घाई असेल तर दीडपट वेगाने. गेल्या सीझनला मी एकेचाळीस सिनेमे ‘पाहिले’. त्यातल्या निम्म्यांचे शेवट आज विचारले तर सांगता येणार नाहीत, पण शीटमध्ये प्रत्येकापुढे हिरवी खूण आहे.

पुरस्कारांचं वेड मात्र शीटच्या आधीचं. त्याची सुरुवात मला नक्की आठवते. २००४ साली मी दुसरीत होते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. त्याआधी मराठीला ते मिळालं होतं पहिल्याच वर्षी, १९५४ साली, अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. मध्ये पन्नास वर्षं गेली होती. मग ‘श्वास’ भारताकडून ऑस्करला निघाला आणि तिकडे जाऊन तो लोकांना दाखवायला पैसे हवेत असं कळलं. सगळ्या महाराष्ट्रात वर्गण्या सुरू झाल्या. शाळेत बाईंनी सांगितलं तसं मी घरी सांगितलं, आजोबांनी कोपरीच्या खिशातून दहाची नोट काढून दिली. नोट दिल्यावर ते म्हणाले, ‘‘पैसे दिलेत तर सिनेमा बघायला हवा.’’

भारतमाता आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांवर. लालबाग-परळमध्ये मराठी सिनेमा म्हणजे भारतमाता हे इतकं ठरलेलं की सिनेमाचं नाव न सांगता ‘भारतमाताला जाऊन येतो’ म्हटलं तरी पुरायचं. आजोबा गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत, चिवडा गल्लीत एका दुकानात पुड्या बांधायला लागले. ते आणि मी खालच्या रांगेत बसलो. अरुण नलावड्यांचे आजोबा कोकणातून नातवाला शहरात आणतात, ऑपरेशननंतर त्याची दृष्टी जाणार असते, म्हणून त्याआधी त्याला जग दाखवायला हॉस्पिटलातून बाहेर घेऊन जातात. मला तेव्हा एवढंच कळलं की आजोबा आणि नातू फिरायला गेलेत. बाहेर आल्यावर आजोबा रस्ता ओलांडायचं सोडून बराच वेळ फुटपाथवर उभे राहिले. मग मला म्हणाले, ‘‘तो समोर बोर्ड आहे, वाच बघू.’’ मी वाचला. ते म्हणाले, ‘‘बरोबर.’’

‘श्वास’ शेवटच्या पाचांत आला नाही. शाळेत आम्ही दोन दिवस रागावलो. पण त्यानंतर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ मध्ये, ‘कोर्ट’ २०१५ मध्ये भारताकडून गेले. ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांना सुवर्णकमळ मिळालं. मी कॉलेजात होते तेव्हा ‘सैराट’ आला आणि त्याने शंभर कोटींची भाषा मराठीत आणली. प्रत्येक वेळी मला आजोबांची ती दहाची नोट आठवली. ते २००९ सालीच गेले होते.

आता घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. आम्ही ज्या चाळीत राहतो ती ऐंशी वर्षांहून जुनी. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, भाडं अजून दोनशेच्या आत. पावती आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी दर महिन्याला त्यांच्याच नावाने पावती फाटत होती आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, आयुष्यभर लोकांना तिकिटं दिली, स्वतःच्या पावतीवरचं नाव बदलून घ्यायचं राहिलं. नाव बदलायचं म्हणजे मालकाला पैसे मोजायचे, आणि ते दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

२०२४ मध्ये पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बिल्डरच्या माणसांनी चाळीस पानी इंग्रजी मसुदा आणून दिला. आई म्हणाली, ‘‘तू इंजिनिअर ना? वाचून सांग.’’ मी म्हटलं, ‘‘टेबलावर ठेव.’’ पहिली मोठी मीटिंग ठरली २० ऑक्टोबरला, रविवारी. तेव्हाच ‘मामी’ चालू होता. पास काढलेला, दिवसाचे चार शो ठरवलेले. त्या वर्षीचा ओपनिंग सिनेमा होता पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाईट’, मे महिन्यात कानला ग्रां प्री जिंकलेला. त्याचं तिकीट मला मिळालं नव्हतं, त्याची भरपाई मी बाकीच्या सिनेमांनी करत होते. मी आईला सांगितलं, ‘‘बाबा जातील की.’’

रात्री साडेअकराला घरी आले तेव्हा बाबा झोपले होते. आई ओट्याशी उभी होती. मीटिंगमध्ये भाडेकरूंची यादी वाचली होती. आमच्या खोलीपुढे लिहिलं होतं: मूळ भाडेकरू मयत, वारसनोंद नाही. ‘‘मग बाबा काय म्हणाले?’’ मी विचारलं. ‘‘काय म्हणणार? यादी इंग्रजीत होती. शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.’’ ती मला एक शब्द बोलली नाही. मी आत जाऊन दिवसाच्या चार सिनेमांचे तारे भरले. हे लिहिताना लाज वाटते, पण भरले.

महिन्याभराने, २२ नोव्हेंबरला, तो सिनेमा थिएटरात लागला. ग्रुपवर आधीच रणधुमाळी झाली होती. फिल्म फेडरेशनने सप्टेंबरमध्ये ऑस्करसाठी ‘लापता लेडीज’ निवडला होता आणि कानला जिंकलेला सिनेमा घरी ठेवला होता. निवड समितीला तो भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला, असं बातम्यांत आलं. आम्ही पाचांनी मिळून तीनशे मेसेज लिहिले. पाचांपैकी कोणीही तो तेव्हा पाहिलेला नव्हता.

रविवारी मी आईला म्हटलं, चल. तिला कानशी देणंघेणं नव्हतं, ती छाया कदमसाठी आली. ‘‘ती ‘लापता लेडीज’मधली चहावाली ना? आणि ‘सैराट’मधली?’’ आदल्या दिवशी विधानसभेचे निकाल लागले होते, रस्त्यावर गुलाल तसाच होता. करी रोडचा आणि डिलाईल रोडचा, असे दोन पूल ओलांडून आम्ही चालत फिनिक्सला गेलो. आत शिरताना आई वर बघून म्हणाली, ‘‘इथला भोंगा आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा म्हणे.’’ ती लांज्याहून लग्न होऊन आली नव्वदीत. भोंगे तिने आजोबांच्या तोंडूनच ऐकलेले.

हॉलमध्ये वीसेक माणसं असतील. मल्याळी नर्सेसची गोष्ट, मधूनमधून हिंदी, मराठी. आईने सबटायटल्सचा नाद लवकरच सोडला. प्रभाच्या नवऱ्याकडून जर्मनीहून राईस कुकर येतो, सोबत चिठ्ठी नाही की फोन नाही, तेव्हा ती कुजबुजली, ‘‘कुकर आला, माणूस नाही आला.’’ मग छाया कदमची पार्वती. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, नवरा गेलेला, वर्षानुवर्षं एका खोलीत राहणारी. बिल्डरला खोली रिकामी हवी आहे आणि ती तिची आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नाही. त्यानंतर आई कुजबुजली नाही. पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तेव्हा आमच्या मागची दोन मुलं हसली. आई हसली नाही. तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

परत येताना मी विचारलं, आवडला का? ती म्हणाली, ‘‘सावकाश आहे.’’ थोड्या वेळाने: ‘‘गावाला परत गेली ती बाई. तिथे जाऊन काय करणार? तिथे तरी तिच्या नावावर काय असेल?’’ मला प्रकाशयोजनेबद्दल, दिग्दर्शनाबद्दल बोलायचं होतं, मी तयारीही केली होती. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर तिने कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली आणि आजोबांच्या भाडेपावत्या जमिनीवर मांडल्या. सगळ्यांत जुनी १९६१ ची. ‘‘मोबाईलवर फोटो काढतात तसं काढ सगळ्यांचं. साल नीट लिही.’’

त्या रात्री एक वाजेपर्यंत मी पावत्या स्कॅन करत होते. नवीन एक्सेल शीट उघडली. डावीकडे साल, वर महिने. कुठली पावती आहे, कुठली नाही. हिरवी खूण, लाल खूण. रंगसुद्धा तेच वापरले होते, ते नंतर लक्षात आलं.

तेव्हापासून पुरस्कारांकडे मी थोडी वेगळ्या नजरेने बघते. आधी वाटायचं, हे वेड म्हणजे शर्यतीची मजा. पण दुसरीतल्या मुलांनी ‘श्वास’साठी दिलेले पैसे शर्यतीवर लावलेले नव्हते. आपणही आहोत, आपली भाषाही सिनेमा बनवते, याची कुठेतरी नोंद व्हावी, कोणीतरी शिक्का मारून द्यावा, अशी ती इच्छा होती. पुरस्कार ही एक पावतीच असते. ज्यांच्या नावावर बरंच काही आहे ते पावतीला हसू शकतात. गिरगावात कोरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ ला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच गिरगावात मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ बोलला. आज त्या दोन्ही जागी सिनेमा लागत नाही. आमचं भारतमातासुद्धा ज्या जमिनीवर उभं आहे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, आणि थिएटरने जागा सोडावी की नाही हा वाद कित्येक वर्षं चालला. लोकांनी तिथे कितीही हुंदके दिले असले तरी ते सातबाऱ्यावर चढत नाहीत.

कानची पावती नसती तर तो सिनेमा फिनिक्सला लागला नसता, आणि मी आईला घेऊन गेले नसते. हेही खरं. पण पावती जपणं वेगळं आणि घरात राहणं वेगळं. आई त्या सिनेमात दोन तास राहून आली. मी वर्षभर एकेचाळीस सिनेमांच्या पावत्या फाडत होते.

३ मार्च २०२५ ला, सोमवारी पहाटे, नेहमीसारखा गजर लावला. आई आधीच उठली होती, तिने चहा ठेवला. ‘अनोरा’ने पाच ऑस्कर नेले, माझे अर्धे अंदाज चुकले. आंतरराष्ट्रीय सिनेमाचं ऑस्कर ब्राझीलच्या ‘आय ॲम स्टिल हिअर’ला गेलं. तो मी तेव्हा पाहिला नव्हता, अंदाजही लावला नव्हता. सुट्टी टाकली होती. अकरा वाजता आई, बाबा आणि मी फाईल घेऊन परळला एफ दक्षिण वॉर्डाच्या ऑफिसात गेलो, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत घ्यायला. मूळ दाखला पेटीत सापडला नव्हता. प्रत मिळाली. बाबांनी ती दोनदा वाचली, घडी न घालता फाईलमध्ये ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘‘चला, चहा घेऊ.’’

तो ब्राझीलचा सिनेमा मी एप्रिलमध्ये पाहिला, घरी, एका बैठकीत, नेहमीच्या वेगाने. हुकूमशाहीत सैनिक एका माणसाला घरातून घेऊन जातात, तो परत येत नाही. त्याची बायको पाच मुलं वाढवते, वकील होते, आणि पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तिला त्याच्या मृत्यूचा दाखला मिळतो. कागद हातात घेऊन ती हसते. मी तिथे सिनेमा थांबवला आणि आईला हाक मारली. तिने तेवढाच प्रसंग पाहिला, मागचं पुढचं काही विचारलं नाही. ‘‘मिळाला का शेवटी तिला?’’ एवढंच म्हणाली.

शीट अजून आहे. २०२५ मध्ये रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ सनडान्समध्ये जिंकला तेव्हा मीच ग्रुपवर सगळ्यांत आधी ओरडले, आणि सप्टेंबरमध्ये तो लागल्यावर थिएटरात जाऊन पाहिला. तारे भरायचे राहिलेत. राहू देत.

गेल्या आठवड्यात बाबांच्या नावाची पहिली भाडेपावती आली. मालकाने पैसे घेतले ते घेतलेच. बाबांनी चष्मा लावून ती खिडकीशी नेली, उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे दिली. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर चुकलं आहे. सोमवारी परत जायचं आहे.